सोलापुरात नवीन घर घेताना: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

सोलापुरात नवा फ्लॅट, रो हाऊस किंवा ट्विन बंगला घेणाऱ्यांकडून जे प्रश्न पुन्हा पुन्हा येतात, ते इथे एकत्र केले आहेत. विचारणारे बहुतेक जण टाइल्स, ओटा आणि बाल्कनीपासून सुरुवात करतात. जमीन, कागद आणि पाणी यांच्यावर शेवटी येतात. इथे क्रम उलटा आहे, कारण पैसा अडकतो तो या तिन्हींत. टाइल बदलता येते.

१. साइटवर जाण्याआधी घरबसल्या काय तपासता येतं?

महारेरा म्हणजे रेरा कायद्याखाली राज्यातल्या गृहप्रकल्पांवर नजर ठेवणारं प्राधिकरण. त्याच्या संकेतस्थळावर प्रकल्पाचं नाव किंवा नोंदणी क्रमांक टाका. जाहिरातीत हा क्रमांक छापणं बंधनकारक आहे, आणि ऑगस्ट २०२३ पासून सोबत क्यूआर कोडही लागतो. नाव दिसलं की लोक समाधानाने पान बंद करतात. तसं करू नका. काम पूर्ण करण्याची मूळ तारीख कोणती होती आणि ती किती वेळा पुढे गेली, जमिनीवर बोजा किंवा दावा आहे का, मंजूर नकाशात तुमचा मजला आहे का, हे वाचा. किती घरं विकली गेली तेही तिथे दिसतं. ऑफिसात ‘आता दोनच राहिलेत’ आणि संकेतस्थळावर निम्मी इमारत शिल्लक, हा प्रकार नवा नाही.

मात्र नोंदणी क्रमांक म्हणजे दर्जाचा दाखला नव्हे. बिल्डरने सरकारदरबारी काय लिहून दिलंय ते तुम्हाला कळतं, एवढाच त्याचा अर्थ. लिहून दिलेलं खरं आहे का, ते तपासायचं काम तुमचं आणि तुमच्या वकिलाचं.

२. बिल्डर म्हणतो, ‘आमची छोटी स्कीम आहे, रेरा लागत नाही.’ खरं आहे का?

खरं असू शकतं. जमीन ५०० चौरस मीटरपर्यंत असेल किंवा घरं आठपर्यंत असतील, तर नोंदणीतून सूट आहे. दोन्हींपैकी एक अट पुरते. ५०० चौरस मीटर म्हणजे जवळपास पाच गुंठे. जुळे सोलापूर, सैफुल, शेळगी, बाळे या भागांतल्या चार-सहा रो हाऊसच्या कित्येक स्कीमा या सवलतीत बसतात आणि त्यात बेकायदा काही नाही.

फरक पडतो तो तुमच्या संरक्षणात. नोंदणीकृत प्रकल्पात करारनामा नोंदवल्याशिवाय बिल्डरला किमतीच्या १० टक्क्यांपेक्षा जास्त घेता येत नाही, ग्राहकांच्या पैशातले ७० टक्के वेगळ्या खात्यात ठेवावे लागतात, आणि तक्रारीसाठी एक ठरलेली जागा असते. छोट्या स्कीममध्ये तुमचा आधार म्हणजे १९६३ चा मोफा कायदा (फ्लॅट खरेदीदारांसाठीचा राज्याचा जुना कायदा), ग्राहक आयोग आणि दिवाणी न्यायालय. म्हणून तिथे करारनामा अधिक बारकाईने करायचा आणि पैसे कामाच्या टप्प्यानुसारच द्यायचे.

खरी मेख वेगळीच असते. वीस गुंठ्यांचा एकच सलग प्लॉट, पण कागदावर चार भाऊ, चार स्कीमा, प्रत्येकीत सहा घरं. रस्ता एक, बोअर एक, कंपाउंड एक, विकणारा माणूस एक. नोंदणी टाळण्यासाठी पाडलेले हे तुकडे महारेरापुढे टिकतीलच असं नाही, आणि गोत्यात येतो तो घर घेणारा. असं चित्र दिसलं तर ले-आउटची मंजुरी कुणाच्या नावावर आहे ते आधी विचारा.

३. हद्दवाढ भागातलं घर आहे. गुंठेवारी म्हणजे नेमकं काय, आणि ते घ्यावं की नाही?

१९९२ मध्ये हद्दवाढ झाली आणि आजूबाजूची गावं महापालिकेत आली. शेतजमिनी होत्या, त्यांचे गुंठ्या-दोन गुंठ्यांचे तुकडे पडले, घरं उभी राहिली. ले-आउट मंजूर नाही, बिगरशेती आदेश नाही. या वसाहतींना आपण गुंठेवारी म्हणतो. ती नियमित करण्यासाठी २००१ चा कायदा आहे, आणि २०२१ च्या दुरुस्तीने ३१ डिसेंबर २०२० पर्यंतच्या गुंठेवारीला त्यात आणलं.

घ्यायचं की नाही, याचं उत्तर एका कागदावर आहे: नियमितीकरणाचं प्रमाणपत्र. ‘फाइल टाकली आहे’, ‘चलन भरलंय’, ‘पुढच्या महिन्यात होईल’ यांपैकी काहीही प्रमाणपत्र नाही. आणि प्रमाणपत्र असलं तरी ते प्लॉटचं आहे की उभ्या बांधकामाचंही आहे, ते वाचा. जुना नियमित झालेला प्लॉट घेऊन त्यावर आज नवी तीन मजली इमारत बांधली असेल, तर तिला स्वतंत्र बांधकाम परवाना हवा. गुंठेवारीचा कागद दाखवून नवं बांधकाम झाकण्याचा प्रयत्न आपल्याकडे सर्रास होतो.

सातबाऱ्यावर एकाच गटात दहा-बारा नावं, प्रत्येकाच्या नावापुढे थोडं थोडं क्षेत्र, आणि प्रत्यक्षात कुणाचा तुकडा कुठला याचा मोजणी नकाशाच नाही, असंही दिसतं. तिथे तुम्ही घर घेत नाही, सामाईक जमिनीतला हिस्सा घेता. उद्या वाटणीचा दावा लागला तर तुमचं घर कुणाच्या वाट्याला जाईल, हे सांगता येत नाही.

‘बाँडवर नोटरी करून देतो’ असं कुणी म्हटलं, तर चहा पिऊन परत या. स्थावर मिळकतीची मालकी नोटरीने मिळत नाही. त्यासाठी दुय्यम निबंधकाकडे नोंदवलेला दस्तच लागतो. नोंदणी होत नाही म्हणूनच नोटरीचा रस्ता काढलेला असतो, हे लक्षात घ्या.

४. सातबारा कोरा आहे. मग सर्च रिपोर्टवर कशाला खर्च करायचा?

कोरा सातबारा म्हणजे ‘इतर हक्क’ रकान्यात आज बोजा दिसत नाही, एवढंच. सातबारा हा महसुलाचा अभिलेख आहे, मालकीचा अंतिम पुरावा नाही. सर्वांत वर भोगवटादार वर्ग एक लिहिलंय की वर्ग दोन, ते आधी बघा. वर्ग दोन असेल तर हस्तांतरणावर बंधनं असतात आणि सक्षम अधिकाऱ्याची परवानगी लागते. इनाम, वतन, देवस्थान, कूळ असा पूर्वेतिहास असेल तर तो सातबाऱ्यावर नाही, जुन्या फेरफारांत सापडतो.

म्हणून निदान तीस वर्षांचा शोध घ्यायचा: फेरफार, इंडेक्स टू (नोंदवलेल्या दस्ताचा गोषवारा), विकसन करार (जमीनमालक आणि बिल्डर यांच्यातला), कुलमुखत्यारपत्र. बहिणींची हक्कसोडपत्रं नोंदवलेली आहेत का, हे वकिलाला मुद्दाम विचारा. वडिलोपार्जित जमिनीत दावे लागतात ते बहुतेक इथूनच. शिवाय वकिलामार्फत स्थानिक दैनिकात जाहीर नोटीस द्या. नोटीस वाचून कुणी हरकत घेतली तर वाईट वाटून घेऊ नका. पैसे देण्याआधी कळलं, हे चांगलंच झालं.

गावठाण किंवा जुन्या शहरात सातबाऱ्याऐवजी सिटी सर्व्हेचा मिळकत पत्रिका उतारा असतो, तपासणी तीच. विकास आराखड्यात त्या जागेवर आरक्षण किंवा रस्ता आहे का, हे महापालिकेच्या नगररचना विभागातून झोन दाखला आणि भाग नकाशा काढला की कळतं.

५. रो हाऊस घेतलं की खालची जमीनही आपल्या नावावर होते ना?

प्रत्येक वेळी नाही. ले-आउटमध्ये प्रत्येक घराचा प्लॉट वेगळा पाडून मंजूर झाला असेल, तरच स्वतंत्र उतारा निघतो. नाहीतर एका प्लॉटवर चार घरं आणि जमीन चौघांत सामाईक, असं होतं. मग वर मजला चढवायचा तर उरलेल्या तिघांच्या सह्या लागतात. ‘पुढे वर दोन खोल्या काढू’ हा विचार मनात असेल तर बांधायला किती एफएसआय (प्लॉटवर मंजूर होणारं एकूण बांधकाम) शिल्लक आहे आणि तो करारात तुमच्या वाट्याला लिहिलाय का, हे आजच बघा.

६. बांधकाम परवाना आहे, मग भोगवटा प्रमाणपत्राचा एवढा आग्रह कशाला?

परवाना सांगतो की असं बांधायला परवानगी आहे. भोगवटा प्रमाणपत्र, म्हणजे ओसी, सांगतं की तसंच बांधलंय आणि आता राहता येईल. या दोघांमध्ये काय काय घडतं ते सोलापूरकरांना सांगायला नको: टेरेसवर एक जादा खोली, पार्किंगमध्ये दोन गाळे, बाजूला सोडायच्या जागेत जिना.

ओसी नसेल तर महापालिकेच्या लेखी ती इमारत अपुरी किंवा अनधिकृत. मिळकत करावर शास्ती लागू शकते, पाण्याचं अधिकृत कनेक्शन अडतं, आणि विकायला काढाल तेव्हा पुढच्याची बँक हात आखडता घेते. जादा खोली बांधली बिल्डरने, नोटीस मात्र राहणाऱ्याला येते.

‘ओसीचं काम चालू आहे, पाडव्याला गृहप्रवेश करून टाका’ हे वाक्य फार गोड असतं. पूजा करायची तर करा, पण ताब्याच्या पावतीवर सही, शेवटचा हप्ता आणि सामान हे ओसीनंतर. एकदा राहायला गेलात की बिल्डरची घाई संपते. काही मजल्यांपुरतं अंशतः ओसी मिळालेलं असू शकतं. त्यात तुमचा फ्लॅट क्रमांक आहे का, तो शब्दशः वाचा.

७. १,१०० फूट सांगितले, घरात गेल्यावर एवढंसंच वाटतं. फसवणूक झाली का?

बहुधा तुम्हाला ‘सेलेबल’ किंवा ‘सुपर बिल्टअप’ आकडा सांगितला गेला. रेराखाली विक्री चटईक्षेत्रावर, म्हणजे कार्पेटवर व्हायला हवी. घराच्या आतलं वापरायचं क्षेत्र आणि आतल्या भिंती त्यात धरतात. बाहेरच्या भिंती, डक्ट, तुमची बाल्कनी आणि तुमचं टेरेस धरत नाहीत. त्यामुळे दोन स्कीमांची तुलना करताना दर ‘फुटाला किती’ असा विचारू नका. एकूण रक्कम भागिले कार्पेट, हा हिशेब स्वतः करा. चौरस मीटरचे फूट करायला १०.७६४ ने गुणायचं. ताबा घेताना टेप घेऊन जा. आदर्श करारनाम्यानुसार फरक ३ टक्क्यांच्या आतच चालतो. त्याहून कमी भरलं तर जादा घेतलेले पैसे परत करावे लागतात.

८. किमतीवर आणखी किती खर्च धरायचा?

महापालिका हद्दीत मुद्रांक शुल्क आणि स्थानिक संस्था अधिभार मिळून ६ टक्के, नोंदणी फी १ टक्का पण जास्तीत जास्त ३०,००० रुपये. घर फक्त महिलेच्या नावावर घेतलं तर मुद्रांकात १ टक्का सवलत. नवरा-बायको दोघांची नावं घातली की ती जाते. शुल्क करारातली किंमत आणि रेडी रेकनर (सरकारने त्या भागासाठी ठरवलेला दर) यांपैकी जे जास्त त्यावर लागतं.

जीएसटी बांधकाम चालू असलेल्या घरावर लागतो. सोलापूर महानगरांच्या यादीत नाही, त्यामुळे कार्पेट ९० चौरस मीटरपर्यंत (सुमारे ९६८ फूट) आणि किंमत ४५ लाखांपर्यंत असेल तर १ टक्का, नाहीतर ५ टक्के. ४० लाखांच्या अशा घराला पुरुषाच्या नावावर मुद्रांक २.४० लाख, नोंदणी ३०,०००, जीएसटी ४०,०००, म्हणजे ३.१० लाख वरचे.

इथे एक खड्डा आहे. ४५ लाखांत पार्किंग, कोपऱ्याच्या फ्लॅटचे जादा पैसे, विकास शुल्क हे सगळं धरतात. मूळ किंमत ४३ लाख, वर अडीच लाख ‘इतर’, झाले साडेपंचेचाळीस. आता १ नाही, पूर्ण रकमेवर ५ टक्के, म्हणजे २,२७,५०० रुपये. ४५ लाखांवर थांबला असता तर कर ४५,००० होता. बिल्डर हे आपणहून सांगेलच असं नाही, त्याच्या खिशातून काही जात नाही.

ओसीनंतर विकलेल्या घरावर जीएसटी नाही, पण सगळी रक्कम ओसीनंतरच दिलेली हवी. आधी टोकन दिलं असेल तर ही सूट हुकते. व्यवहार ५० लाखांचा किंवा जास्त असेल तर १ टक्का टीडीएस कापून भरण्याची जबाबदारी घेणाऱ्याची, म्हणजे तुमची.

९. काही रक्कम रोख द्या म्हणतात. सगळेच देतात ना?

देणारे बरेच आहेत, आणि व्यवहार मोडल्यावर रडणारेही तेच. रोख दिलेला पैसा करारात नसतो, त्यामुळे तो परतावा, व्याज, नुकसानभरपाई कशातच धरला जात नाही. कर्जही करारातल्या किमतीवरच मिळतं. मिळकतीच्या व्यवहारात २०,००० रुपये किंवा जास्त रोख घेणाऱ्याला तेवढाच दंड होऊ शकतो. आमचं मत विचाराल तर रोखीचा हट्ट धरणाऱ्या बिल्डरकडे बाकीचे कागद बघण्याचे कष्टही घेऊ नका.

१०. पाण्याचं काय विचारायचं? बिल्डर म्हणतो ‘चोवीस तास पाणी’.

चोवीस तास असतं ते टाकीतलं पाणी. सोलापूरला उजनीचं पाणी येतं, टाकळीहून भीमेचं येतं, थोडं हिप्परग्याचं येतं, आणि तरीही नळ काही दिवसांआडच सुटतो. त्यामुळे प्रश्न नळ आहे का, एवढाच नाही. साठवण किती, हा आहे.

हिशेब सोपा आहे. माणशी दिवसाला १३५ लिटर हे नियोजनाचं प्रचलित प्रमाण. चौघांच्या घराला ५४० लिटर. पाणी चार दिवसांआड येत असेल तर एका फ्लॅटसाठी दोन हजारांवर लिटर साठा हवा. वीस फ्लॅटना त्रेचाळीस हजार. आता जमिनीखालचा हौद बघायला मागा आणि लांबी-रुंदी-खोली मोजा. मीटरमधला गुणाकार, गुणिले एक हजार, आले लिटर. दहा-पंधरा हजारांचा हौद बांधून वीस घरं विकली असतील तर उन्हाळ्यातला टँकर तुमच्या मासिक देखभालीतून येणार.

महापालिकेचं कनेक्शन इमारतीच्या नावाने मंजूर आहे का आणि किती इंची, हे कागदावर बघा. ‘लाइन समोरूनच गेलीय’ याला काही किंमत नाही. बोअर असेल तर त्याला एप्रिल-मेमध्ये पाणी असतं का, हे शेजारच्या इमारतीत विचारा. ऑगस्टमध्ये साइट बघणाऱ्याला प्रत्येक बोअर भरलेलाच दिसतो. बोअरचं पाणी जड असेल तर नळ, गिझर आणि नवी फिटिंग्ज पांढरी पडतात. बादलीभर घेऊन साबणाचा फेस होतो का बघा. ५०० चौरस मीटर किंवा मोठ्या भूखंडावर पर्जन्यजल संधारण सक्तीचं आहे. छतावरचे पाइप बोअरपाशी जाताहेत की गटारीत, ते स्वतः चालत जाऊन बघा. ड्रेनेज कुठे जातं हेही विचारा. हद्दवाढ भागात सेप्टिक टँक असेल तर तो आणि हौद यांच्यात अंतर आहे ना?

११. नव्या घराला भेगा गेल्यात. बिल्डर म्हणतो, ‘सोलापूरच्या हवेत पडतातच.’

अर्धं खरं आहे. गिलाव्यावरच्या केसासारख्या बारीक, जाळीदार रेषा आणि विटांची भिंत कॉलमला मिळते तिथली उभी बारीक भेग, या वरवरच्या असतात. दिसायला वाईट, भरून निघतात. खिडकी-दरवाज्याच्या कोपऱ्यातून तिरकी निघून रुंदावत जाणारी, भिंतीच्या दोन्ही बाजूंना दिसणारी भेग मात्र सांगते की खाली काहीतरी हललंय. कॉलम किंवा बीमवर भेग दिसली तर बिल्डरशी गप्पा बंद, स्वतंत्र स्ट्रक्चरल इंजिनिअर बोलवायचा. भेगेच्या टोकाला पेन्सिलने खूण करून तारीख घाला, फोटो काढा. पुढे सरकली तर तोच तुमचा पुरावा.

कारण मातीत आहे. आपल्याकडे वर काळी माती, खाली मुरूम, त्याखाली काळा पाषाण. थर कुठे दोन फूट, कुठे बराच खोल. काळी माती पावसात फुगते, उन्हाळ्यात आकसते. पाया त्या थरातच थांबवला, किंवा जोत्यात उकरलेली काळी मातीच परत भरली, तर पहिल्या-दुसऱ्या पावसाळ्यानंतर फरशी खचते. कॉलमचा पाया मुरूम किंवा दगडापर्यंत गेलाय का आणि जोत्यात मुरूम थराथराने, पाणी मारून धुमसलाय का, हे विचारा. माती परीक्षण अहवाल आणि पायाचे फोटो मागा. सगळं झाकल्यावर बघायला गेला असाल तर बाहेरून चाहूल घ्या: कंपाउंड कललंय का, पार्किंगची फरशी दबलीय का, जिन्याची पहिली पायरी सुटलीय का.

दुसरं कारण क्युरिंग. भारतीय मानकानुसार उष्ण, कोरड्या हवेत काँक्रीटवर किमान १० दिवस ओल ठेवायची, आणि मिश्र सिमेंट असेल तर १४ दिवसांची शिफारस. एप्रिल-मेच्या उन्हात, विकतच्या टँकरवर हे कोण करतं? स्लॅब कोणत्या महिन्यात पडले, ते वॉचमनला विचारा. तो ऑफिसपेक्षा खरं सांगतो.

१२. सर्वांत वरचा मजला स्वस्तात मिळतोय. घ्यावा का?

मे महिन्यात दुपारी तीन वाजता त्या घरात अर्धा तास बसा आणि ठरवा. पारा ४३-४४ पर्यंत जातो, आणि तापलेला स्लॅब रात्रभर उष्णता सोडत राहतो. गच्चीवर विटांच्या तुकड्यांचा कोबा आहे का, वर पांढरा उष्णतारोधक थर दिलाय का, पावसाच्या पाण्याला उतार कुठे, हे बघा. पश्चिमेची बेडरूम असेल तर तिथे एसीची वायरिंग आहे का तेही. पूर्वाभिमुख दाराचे जादा पैसे मोजणारे हा पश्चिमेचा प्रश्न विचारायला विसरतात.

१३. पार्किंगचे दोन लाख वेगळे मागतात. द्यायचे का?

उघडं पार्किंग सामाईक जागेत मोडतं, ते विकता येत नाही. झाकलेल्या पार्किंगचे पैसे घेतले तर ते करारात हवेत. महारेराच्या २०२४ च्या आदेशानुसार पार्किंगची लांबी, रुंदी, उंची आणि नेमकी जागा करारनाम्याच्या जोडपत्रात द्यायची असते. कॉलमच्या मागे आखलेला पिवळा चौकोन कागदावर पार्किंगच असतो, गाडी मात्र आत जात नाही. आपली गाडी घेऊन जा आणि लावून, दार उघडून बघा.

१४. मोठ्या बँकेने प्रकल्पाला कर्ज मंजूर केलंय. म्हणजे कागद चोख आहेत ना?

बँकेचा वकील बँकेसाठी कागद बघतो. हप्ता थकला तर तुमच्या पगारावर आणि जामीनदारावर तिचा हात असतो. तुमच्यामागे कुणी नाही. बँकेच्या यादीत असणं ही चांगली खूण आहे, पण प्रश्न ४ मधला शोध टळत नाही.

याच्या उलट बाजूने एक गोष्ट तपासा. बिल्डरने याच जमिनीवर स्वतः कर्ज काढलं असेल तर तुमचा फ्लॅटही गहाण आहे. त्या बँकेचं, तुमच्या फ्लॅट क्रमांकासह, ना-हरकत पत्र घेतल्याशिवाय करार नोंदवू नका.

१५. होटगी रोडला उंच इमारतीत घर बघतोय. विमानतळाची काही अडचण?

उड्डाणमार्गाजवळ उंचीवर मर्यादा असतात आणि त्यासाठी विमानतळ प्राधिकरणाचं ना-हरकत पत्र लागतं. सिद्धेश्वर साखर कारखान्याची चिमणी जून २०२३ मध्ये पाडली गेली ती विमानांना अडथळा ठरते म्हणूनच. मंजूर उंची आणि बांधलेली उंची जुळते का, एवढं बघा. वरच्या दोन मजल्यांवर घेणाऱ्याने तर नक्कीच.

१६. जमीनमालकाच्या वाट्याचा फ्लॅट थोडा स्वस्त देतात. काय बघायचं?

विकसन करारात तो फ्लॅट क्रमांक मालकाच्याच वाट्याला लिहिलाय का, हे आधी. वाटणी फक्त टक्केवारीत असेल आणि क्रमांक ठरलेले नसतील, तर एकच फ्लॅट मालक आणि बिल्डर दोघांनी विकल्याची उदाहरणं होतात. करारावर दोघांच्याही सह्या घ्या. नाहीतर गळती लागल्यावर मालक बिल्डरकडे बोट दाखवतो आणि बिल्डर मालकाकडे.

१७. ताबा घेताना स्वतः काय तपासता येईल?

पावसाळ्यात, किंवा पाऊस पडून गेल्यावर जा. बाथरूम आणि बाल्कनीत पाणी तुंबवून चोवीस तास ठेवा, मग खालच्या फ्लॅटचं छत बघा. बादली ओतून उतार जाळीकडे आहे का, ते लगेच कळतं. टाइलवर नाण्याने टकटक करा. पोकळ वाजली तर खाली माल भरलेला नाही. सगळे नळ एकाच वेळी सोडा. प्रत्येक सॉकेटला टेस्टर लावा, अर्थिंग इलेक्ट्रिशियनकडून तपासून घ्या. महावितरणचा मीटर तुमच्या नावाचा आहे की बांधकामाच्या तात्पुरत्या कनेक्शनवरच बिऱ्हाडं चालू आहेत, हेही बघा. सापडलेले दोष कागदावर लिहून बिल्डरची पोच घ्या. व्हॉट्सॲपवरचं ‘करून देतो दादा’ पुरेसं नाही.

१८. पाच वर्षांची हमी असते म्हणतात. गळती, टाइल, दरवाजे सगळं त्यात येतं का?

नोंदणीकृत प्रकल्पात ताब्यापासून पाच वर्षांत बांधकामाचा किंवा कारागिरीचा दोष दाखवला, तर बिल्डरने ३० दिवसांत फुकट दुरुस्त करायचा असतो. गळती, खचलेली फरशी, सुटलेला गिलावा यात येतात. गिझर, लिफ्ट, पंप यांना उत्पादकाची हमी वेगळी. अडचण येते ती तुम्ही भिंत पाडून किचन मोठं केलं किंवा बाथरूमची टाइल बदलली तेव्हा. मग दोष तुमच्या तोडफोडीवर ढकलायला निमित्त मिळतं. तोडफोडीआधी फोटो काढा आणि शक्यतो पहिला पावसाळा जाऊ द्या. कळवताना लेखी कळवा, तारखेसह. रेराबाहेरच्या स्कीमसाठी प्रश्न २ पाहा.

१९. ताबा दोन वर्षं लांबलाय. काय करता येतं?

दोन वाटा आहेत: घर सोडून पैसे व्याजासह परत घ्यायचे, किंवा घर ठेवून उशिराच्या प्रत्येक महिन्याचं व्याज मागायचं. व्याजाचा दर म्हणजे स्टेट बँकेचा सर्वोच्च एमसीएलआर (बँकेचा कर्जाचा पायाभूत दर) अधिक २ टक्के. तारीख धरायची ती तुमच्या नोंदणीकृत करारातली. महारेराने बिल्डरला मुदतवाढ दिली म्हणून तुमची तारीख बदलत नाही. तक्रार ऑनलाइन होते, फी ५,००० रुपये, आणि सुनावणी दूरदृश्य प्रणालीने होत असल्यामुळे मुंबईला खेटे घालावे लागत नाहीत.

पण आदेश मिळणं आणि पैसे मिळणं यात अंतर आहे. बिल्डरने दिले नाहीत तर वसुलीचं प्रमाणपत्र जिल्हाधिकाऱ्यांकडे जातं आणि तिथून वसुली होते, वेळ जातो. बिल्डरकडे जप्त करण्याजोगी मालमत्ता उरलीय का, यावर कुठली वाट धरायची ते ठरवा.

२०. सोसायटी झालीय, पण जमीन अजून बिल्डरच्याच नावावर आहे. बिघडलं कुठे?

आज काही नाही. तीस वर्षांनी पुनर्विकास करायचा म्हटलं की बिघडतं, किंवा उरलेला एफएसआय वापरून बिल्डर शेजारी आणखी एक मजला चढवतो तेव्हा. अभिहस्तांतरण, म्हणजे जमीन आणि इमारत सोसायटीच्या नावावर करून देणं, बिल्डरचं कर्तव्य आहे. तो टाळत असेल तर सोसायटीने जिल्हा उपनिबंधकांकडे मानीव अभिहस्तांतरणाचा अर्ज करावा. त्याला बिल्डरची संमती लागत नाही. मात्र मंजूर नकाशा, ओसी, सगळ्यांचे इंडेक्स टू लागतात. ते ताबा घेतानाच गोळा केलेले बरे, नंतर ऑफिसच बंद झालेलं असतं.

२१. मी पुण्यात नोकरीला आहे, घर सोलापुरात घेतोय. वडिलांनी सही केली तर चालेल?

चालेल, पण कुलमुखत्यारपत्र याच मिळकतीपुरतं, याच कामापुरतं आणि नोंदणीकृत करा. बिल्डरच्या ऑफिसातल्या माणसाच्या नावाने ते करून देऊ नका, कितीही सोयीचं वाटलं तरी. साइट मात्र स्वतः येऊन बघा. गड्डा यात्रेला येता तेव्हाची जानेवारीची हवा बघून घर ठरवू नका, एक फेरी मेमध्ये मारा (प्रश्न १० आणि १२).

२२. टोकन देऊन झालंय आणि आता हे सगळं वाचतोय. मागे फिरता येईल का?

नोंदणीकृत प्रकल्पात महारेराच्या आदर्श वाटपपत्रात (अलॉटमेंट लेटरमध्ये) तशी सोय आहे. वाटपपत्रानंतर १५ दिवसांत रद्द केलं तर काही कापता येत नाही. १६ ते ३० दिवसांत घराच्या किमतीच्या १ टक्का, ३१ ते ६० दिवसांत दीड टक्का, ६१ दिवसांनंतर २ टक्के कपात होऊ शकते. टक्के टोकनचे नाहीत, घराच्या किमतीचे आहेत. ४० लाखांच्या घराला १ टक्का म्हणजे ४०,००० रुपये.

वाटपपत्र दिलंच नसेल आणि हातात फक्त पावती असेल, तर पावतीवर प्रकल्पाचं नाव, फ्लॅट क्रमांक आणि सही-शिक्का आहे का बघा आणि आजच ईमेल किंवा पोचदेय टपालाने रद्द करत असल्याचं कळवा. फोनवर सांगितलेली तारीख धरली जात नाही. रेराबाहेरच्या स्कीममध्ये इसारपावतीवर जे लिहिलंय त्यावर सगळं अवलंबून. ‘इसार परत मिळणार नाही’ असं छापलेलं असेल, पण बिल्डरने बोजा, आरक्षण किंवा दावा लपवला होता हे तुम्ही कागदाने दाखवू शकत असाल, तर त्या छापील ओळीला घाबरून गप्प बसू नका. वकिलाची नोटीस पाठवा, आणि नाही दिले तर जिल्हा ग्राहक आयोग आहे. ५० लाखांपर्यंतच्या व्यवहारांच्या तक्रारी तिथे चालतात.